परदेशाच्या वाटेवरचा वऱ्हाडी : डॉ. पांडुरंग खानखोजे



आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते. नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा. त्याच वर्धा गावी १८८४ च्या सुमारास एक मुलगा जन्मला आणि पुढे मेक्सिकोसारख्या दूरच्या देशात शेतीशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. दरवर्षी आपली काही मुले पोटासाठी आखाती देशांची वाट धरतात. म्हणून या गृहस्थाची हकीकत आपण जाणून घेतली पाहिजे, असे मला वाटते.

पांडुरंगाचे शिक्षण वर्धा आणि नागपूर येथे झाले. देश पारतंत्र्यात होता. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेल्या या तरुणाने लष्करी शिक्षण घेण्याच्या ध्येयाने १९०६ च्या सुमारास घर सोडले. जपानमार्गे तो अमेरिकेत पोहोचला. खिशात पैसा नव्हता, ओळखीचे कोणी नव्हते. मिळेल ते अंगमेहनतीचे काम करून त्याने पोट भरले. ध्येय स्वातंत्र्याचे होते, पण पोटाला भाकरी लागतेच. कष्टाची लाज त्याने कधी बाळगली नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मजुरी करता करता त्याने शिक्षण सोडले नाही. कॅलिफोर्नियातील तमालपाईस लष्करी विद्यालयात त्याने कवायत आणि युद्धशास्त्राचे धडे घेतले. जोडीला ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील शेतकी महाविद्यालयांत शेतीशास्त्राचा अभ्यास केला. कापूस आणि ज्वारीच्या मुलखातून आलेल्या मुलाने शेतीच निवडावी, यात नवल ते काय!

त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावरील लाकूड कापण्याच्या गिरण्यांत बरेच हिंदी मजूर राबत होते. त्यांत बहुसंख्य पंजाबचे होते. खानखोजे त्यांच्यात मिसळले, त्यांना संघटित करू लागले. १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर चळवळीचे ते एक आधारस्तंभ होते. भोपाळचे मौलाना बरकतुल्लाह हेही १९१४ साली याच चळवळीत सामील झाले. टोकियोच्या विद्यापीठात ते हिंदुस्थानी भाषा शिकवीत होते. १९२७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. हिंदू, मुसलमान, शीख असे सारे एका भाकरीवर राहिले आणि एका ध्येयासाठी झगडले.

पहिले महायुद्ध पेटताच खानखोजे इराणकडे गेले. तेथे मुस्लिम नाव धारण करून ते वावरले, तेथील टोळ्यांबरोबर इंग्रजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. युद्धानंतर बर्लिन झाले, १९२१ साली मॉस्को झाले. परंतु हिंदुस्थानचे दार बंद होते, कारण इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते.

शेवटी १९२४ साली ते मेक्सिकोला पोहोचले. वय चाळिशीचे आणि हाती नोकरी नाही. नवीन देश, नवीन स्पॅनिश भाषा. मग त्यांना काय उपयोगी पडले? अमेरिकेत मजुरी करीत मिळविलेले शेतीचे ज्ञान! चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. मक्याच्या आणि गव्हाच्या सुधारित वाणांवर त्यांनी संशोधन केले. गरीब शेतकऱ्यांना फुकट शिक्षण देणाऱ्या शेतकी शाळा काढल्या. सुप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत भाकरी वाटून खाणाऱ्या लोकांचे भित्तिचित्र काढले, त्यात खानखोजे यांनाही स्थान दिले. १९३६ साली जीन नावाच्या बेल्जियन तरुणीशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ साली त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलावणे आले. परंतु जुन्या काळ्या यादीमुळे आपल्याच देशात येण्यास प्रथम अडचण झाली, हे दुर्दैव! पुढे ते कायमचे परतले आणि जानेवारी १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांनी देह ठेवला.

आता थोडे आपल्याविषयी. माझा एक माजी विद्यार्थी नववीतच शाळा सोडून गेला. पुढे एका एजंटाने त्याला पर्यटक व्हिसावर आखातात पाठविले. ड्रायव्हरची नोकरी सांगितली होती. तेथे नोकरीही नाही आणि कामाचा परवानाही नाही. दोन महिने एका खोलीत दहा जणांत काढून तो रिकाम्या हाताने परतला. वडिलांनी त्यासाठी बैलजोडी विकली होती. ते माझ्यासमोर बसले होते, पण बोलले काहीच नाहीत. त्या मुलाला मी शाळेत थोपवू शकलो नाही, ही खंत मला आजही आहे.

परदेशी जाणे वाईट नाही. खानखोजेही गेले आणि रिकाम्या खिशाने गेले. परंतु दुसऱ्या देशात स्थिर होण्यापूर्वी त्यांनी हात आणि डोके दोन्ही तयार केले होते. म्हणून पालकांना माझी नम्र विनंती आहे. मुलगा दहावी होऊ द्या. एखादा हुन्नर शिकू द्या, मग तो वेल्डिंगचा असो वा वायरमनचा. दहावी न झालेल्यास आखाती देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते, हे ध्यानात ठेवा. एजंटाचा सरकारी परवाना पाहा, करारनामा वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेत घेऊन या. पर्यटक व्हिसावर नोकरी करणे हा तेथे गुन्हा आहे. आणि शेत विकण्यापूर्वी, तेथे राहून आलेल्या माणसाला चार प्रश्न जरूर विचारा.

विद्यार्थी मित्रहो, जहाज असो वा विमान, ते माणसाला नुसते पलीकडे नेऊन सोडते. पलीकडे उभे राहण्याचे बळ मात्र येथूनच न्यावे लागते. ते बळ तुम्हा सर्वांना लाभो, हीच प्रार्थना.