फादर स्टीफन्स : आपली भाषा शिकलेला इंग्रज

परकी भाषा शिकताना शब्द पाठ होतात. घोडे अडते ते वाक्यात. शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्याला इंग्रजीच्या तासाला हा अनुभव नित्य येतो. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजापुढे हीच अडचण उलट बाजूने उभी होती.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिकांना जाच होता. स्टीफन्स रोमला गेले, १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले आणि लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. पुढची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः गोव्यातील साष्टी भागात काढली. (ठाण्याची साष्टी ती वेगळी.)

इंग्रजी वाक्यात क्रियापद कर्त्याला चिकटून येते. शेजारच्या डच भाषेत ते पोटवाक्यापुरते शेवटी जाते. आपल्याकडे मात्र ते बहुधा शेवटीच. तोवर ऐकणाऱ्याने धीर धरायचा. शिवाय त्याने आंबा खाल्ला, पण भाकरी खाल्ली. खाणारा तोच, तरी क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. अशा रचनांनी स्टीफन्स गोंधळले असतील, पण कंटाळले नाहीत. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांच्या वाक्यरचनेचे नवल केले आणि लॅटिन व ग्रीकशी त्यांचे साम्य नोंदवले.

गावकऱ्यांची बोलण्याची भाषा कोकणी, तर ग्रंथांची मराठी. स्टीफन्स यांनी दोन्ही आत्मसात केल्या. मराठीत त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळे नसल्याने ते रोमन लिपीत निघाले. कोकणीत त्यांनी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी लिहिली आणि लॅटिनच्या चौकटीत विभक्ती व क्रियापदांची रूपे मांडणारे, पोर्तुगीज भाषेतील कोकणी व्याकरणही तयार केले. १६१९ साली त्यांचे निधन झाले. व्याकरण इतरांनी भर घालून १६४० साली छापले. भारतीय भाषेचे छापील स्वरूपातील ते पहिले व्याकरण मानले जाते.

हा खटाटोप धर्मप्रसारासाठी होता, आणि त्याच साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने १५६७ मध्ये पाडली होती, हे विसरून चालणार नाही. त्याच सत्तेने १६८४ साली लोकांनी आपली भाषा तीन वर्षांत सोडावी असा हुकूम काढला. हुकूम विरला, भाषा राहिली, आणि ते व्याकरणही राहिले.

आपल्या तालुक्यांत आगरी, कुणबी, ठाकरी, कातकरी बोलणारी मुले वर्गात शिरताना घरची बोली दाराशी ठेवून येतात. तिला व्याकरण नाही, ती अशुद्ध आहे, असे त्यांना वाटू लागते. स्टीफन्स यांनी लोकांच्या तोंडची भाषा ऐकली आणि तिच्यात नियम शोधले, ते सापडले. नियमावाचून कोणतीच भाषा बोलली जात नाही. ज्याने आपल्या बोलीतले नियम ओळखले, त्याला इंग्रजीचे नियमही परके वाटणार नाहीत.