होरेस मॅन
(एका शिक्षणसेवकाचें चरित्र)

शाळा वर्षांतून किती दिवस भरावी आणि तींत शिकविणारा कसा असावा, हे प्रश्न आज आपणांस साधे वाटतात. आपल्या देशांत २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें पहिली ते पांचवीच्या वर्गांसाठीं वर्षाचे निदान २०० व सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं निदान २२० दिवस ठरवून दिले आहेत. घंटा वाजते, आपण वर्गांत जाऊन बसतों, आणि हें असेंच चालत आलें असावें असें समजतों. परंतु हे दिवस कोणास आपोआप मिळाले नाहींत. निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या माणसांनीं ते लोकांपाशीं व सरकारापाशीं हट्ट धरून मागून घेतले. अमेरिकेंत ज्यांनीं ते मागितले त्यांत होरेस मॅन यांचें नांव अग्रभागीं आहे.

होरेसचा जन्म ४ मे १७९६ रोजीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील फ्रँक्लिन या खेड्यांत एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. घरांत कष्ट पुष्कळ व पैसा थोडा. लहानग्या होरेसलाहि गवताच्या काड्यांच्या वेण्या विणून घरखर्चास हातभार लावावा लागे. शाळेस जावयास मिळे तें वर्षांतून फार तर आठदहा आठवडे. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत याहून अधिक शाळा त्याच्या वांट्यास कधीं आली नाहीं. तेराव्या वर्षीं वडील वारले. पुढच्याच सालीं थोरला भाऊ स्टीफन रविवारीं पोहावयास गेला असतां बुडून मरण पावला. त्याच्या उत्तरक्रियेच्या वेळीं गांवच्या धर्मोपदेशकानें सांत्वनाचा शब्द न बोलतां पाप्यांस होणाऱ्या शिक्षेवरच उपदेश केला. आईचा तो हुंदका होरेसच्या मनांत कायमचा राहिला. मुलांशीं भीतीच्या भाषेंत बोलूं नये, हा त्यांच्या पुढील आयुष्यांतील आग्रह या दुःखांतूनच उगवला असावा.

तथापि त्या खेड्याजवळ एक ठेवा होता. बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या नांवावरून गांवाचें नांव पडलें, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांजकडे प्रार्थनामंदिरासाठीं घंटा मागितली होती. त्या चतुर गृहस्थांनीं घंटेऐवजीं पुस्तकें पाठविलीं. इतिहासाचीं व धर्मशास्त्राचीं तीं जड पुस्तकें मुलांसाठीं निवडलेलीं नव्हतीं; पण होरेसनें तीं एकामागून एक वाचून काढलीं. शाळा बंद असे त्या महिन्यांत हें ग्रंथालयच त्याची शाळा झालें. पुढें एका फिरत्या शिक्षकापाशीं सहा महिने लॅटिन व ग्रीक भाषा शिकून तो १८१६ सालीं ब्राऊन विद्यापीठांत एकदम दुसऱ्या वर्षाच्या वर्गांत दाखल झाला, आणि १८१९ सालीं आपल्या वर्गांत पहिला येऊन पदवीधर झाला.

यानंतर मॅनसाहेबांनीं कायद्याचा अभ्यास केला व १८२३ पासून वकिली केली. १८२७ सालीं ते संस्थानच्या कायदेमंडळांत निवडून गेले. वेड्यांना तुरुंगांत डांबून ठेवण्याची दुष्ट चाल त्यांस पाहवेना. त्यांच्या खटपटीनें वुस्टर येथें १८३३ सालीं वेड्यांसाठीं सरकारी रुग्णालय उघडलें. मात्र याच सुमारास त्यांच्यावर मोठा घाला पडला. लग्नास दोन वर्षें होतात न होतात तोंच, १८३२ सालीं, त्यांची पत्नी शार्लट निवर्तली. शिवाय भावाच्या बुडालेल्या धंद्याचें कर्ज अंगावर आलें. तें फेडण्यासाठीं ते कित्येक वर्षें आपल्या कचेरींतच राहिले व तेथेंच निजले. तरी कामांत खंड पडला नाहीं, आणि १८३६ सालीं ते वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले.

१८३७ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें सरकारी शिक्षणमंडळ स्थापन झालें व त्याचें चिटणीसपद मॅनसाहेबांस देऊं करण्यांत आलें. वकिली जोरांत होती, राजकारणांत मान होता. उलट येथें पगार वर्षास अवघे १५०० डॉलर. अधिकार तर मुळींच नाहीं. माहिती गोळा करावी, अहवाल लिहावा, लोकांस समजावून सांगावें, एवढेंच काम. मित्रांस हा वेडेपणा वाटला. मॅनसाहेबांनीं वकिलीची कचेरी बंद केली व घोड्यावर बसून ते गांवोगांव शाळा पाहण्यास निघाले.

त्यांनीं जें पाहिलें तें समजण्यास तेथील रीत समजून घेतली पाहिजे. खेड्यांतून शाळेच्या दोन पाळ्या असत. शेतीचीं कामें संपलीं कीं हिवाळी शाळा भरे. तींत मोठीं मुलें येत व शिकविण्यास पुरुष असे. उन्हाळ्यांत मोठे मुलगे शेतावर राबत, म्हणून उन्हाळी शाळेंत बहुधा लहान मुलें व मुली येत आणि त्यांस एखादी तरुण बाई अगदीं थोड्या पगारावर शिकवी. एका पाळीचा शिक्षक दुसऱ्या पाळीस क्वचितच राही. पहिल्यानें काय शिकविलें तें दुसऱ्यास ठाऊक नसे, आणि मूल पुन्हां पहिल्याच पानावर येई. शाळेची जागा म्हणजे रस्त्याच्या कडेची निरुपयोगी जमीन. बांकांस पाठ नसे, खोलींत नीट उजेड नसे, थंडींत वारा शिरे. ज्यांच्याजवळ पैसा होता ते आपलीं मुलें खासगी शाळांत धाडीत व गांवच्या शाळेकडे पाठ फिरवीत. अशानें गरिबाची शाळा अधिकच गरीब होई.

मॅनसाहेबांनीं हें सारें उघड करून लिहिलें. बारा वर्षांत त्यांनीं बारा वार्षिक अहवाल लिहिले व १८३८ पासून शिक्षणास वाहिलेलें एक नियतकालिक चालविलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें : शाळा सर्वांची असावी, सर्वांच्या पैशानें चालावी, आणि ती इतकी चांगली असावी कीं श्रीमंतासहि आपलें मूल तेथें धाडावेंसें वाटावें. १८३९ सालीं प्रत्येक गांवानें वर्षांतून निदान सहा महिने शाळा चालविलीच पाहिजे असा कायदा झाला. ज्याला स्वतः दहा आठवड्यांपलीकडे शाळा मिळाली नव्हती, त्यानें दुसऱ्यांच्या मुलांस सहा महिने मिळवून दिले.

परंतु नुसते दिवस वाढवून काय उपयोग? शिकविणाराच अडाणी असेल तर सहा महिन्यांचेहि सहा आठवडे होतात. म्हणून त्याच वर्षीं, ३ जुलै १८३९ रोजीं, लेक्सिंग्टन येथें शिक्षक तयार करणारी अमेरिकेंतील पहिली सरकारी शाळा उघडली. पहिल्या दिवशीं किती विद्यार्थिनी आल्या? अवघ्या तीन! लोक हंसले. मॅनसाहेब डगमगले नाहींत. विद्यार्थिनींच्या राहण्याच्या सोयीस पैसा कमी पडला तेव्हां त्यांनीं आपला कायद्याच्या पुस्तकांचा संग्रह विकला. कामावर असलेल्या शिक्षकांसाठीं त्यांनीं थोड्या दिवसांचे अभ्यासवर्गहि भरविले. अशाच एका वर्गासाठीं ते पिट्सफील्ड येथें गेले असतां शाळेची खोली झाडलेली नव्हती. तेव्हां चिटणीस व संस्थानचे गव्हर्नर या दोघांनीं केरसुण्या मागवून ती स्वतः झाडून काढली.

१८४३ सालीं मेरी पीबडी यांच्याशीं त्यांचा दुसरा विवाह झाला व दोघें युरोपांतील शाळा पाहण्यास गेलीं. प्रशियांतील शिक्षक पुस्तक हातीं न धरतां मुलांमध्यें उभे राहून शिकवितात व छडीवांचून वर्ग चालवितात, हें पाहून त्यांनीं तसें अहवालांत लिहिलें. त्यावरून बोस्टनच्या ३१ मुख्याध्यापकांनीं १८४४ सालीं त्यांच्यावर जाहीर हल्ला चढविला. पुढल्याच वर्षीं मॅनसाहेबांच्या मित्रांनीं बोस्टनच्या शाळांत छापील प्रश्नांची लेखी परीक्षा घेतली, आणि मुलांस पाठ केलेलें येतें पण त्याचा अर्थ येत नाहीं, असें उघड झालें. शिक्षणाचा कस घोकंपट्टीवर लावूं नये, हा धडा त्या परीक्षेनें शिकविला.

१८४८ सालीं त्यांनीं हें पद सोडलें. तोंवर शाळेचें वर्ष सरासरीनें सुमारें एक महिन्यानें वाढलें होतें, पन्नासांवर नव्या हायस्कुलांची भर पडली होती आणि शिक्षक-शिक्षिकांचे पगार निम्म्यांहून अधिक वाढले होते. १८५२ सालीं याच संस्थानानें आठ ते चौदा वर्षांच्या मुलांस वर्षांतून निदान बारा आठवडे शाळेंत धाडणें आईबापांस सक्तीचें केलें. असा सर्वसाधारण कायदा अमेरिकेंत हाच पहिला.

आपल्या महाराष्ट्राशींहि त्या प्रांताचें नातें आहे. १८१३ सालीं मुंबईस येऊन शाळा काढणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकीं गॉर्डन हॉल हे मॅसॅच्युसेट्सचेच सुपुत्र, व त्यांस धाडणाऱ्या मंडळाची कचेरीहि बोस्टन येथें होती. मॅनसाहेबांनीं चिटणीसपद सोडलें त्याच १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली. त्यापूर्वीं त्यांनीं अहमदनगर येथील मिस फॅरार यांची मिशन शाळा पाहिली होती.

पुढें मॅनसाहेब अमेरिकेच्या राष्ट्रीय कायदेमंडळांत गुलामगिरीविरुद्ध झगडले. १८५३ सालीं ते ओहायोंतील अँटिऑक कॉलेजचे अध्यक्ष झाले. तेथें मुलगे व मुली एकाच वर्गांत शिकत, आणि अध्यापिकेस अध्यापकाइतकाच पगार मिळे. कॉलेज कर्जांत बुडालें. तें तारतां तारतां त्यांची प्रकृति ढासळली. १८५९ च्या उन्हाळ्यांत पदवीदानाच्या वेळीं त्यांनीं तरुणांस मानवजातीच्या हिताचें एखादें तरी कार्य केल्याशिवाय मरणास सामोरें न जाण्याचा उपदेश केला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २ ऑगस्ट १८५९ रोजीं, ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, सुटींत शाळेचें दार बंद असतें, पण पुस्तकाचें नसतें. फ्रँक्लिन गांवच्या त्या मुलास वर्षाचे चाळीसएक आठवडे सुटीच होती, आणि त्या सुटीनेंच त्याला घडविलें. पालकहो, पोरास शेतावर किंवा दुकानांत हाताशीं घेण्याची गरज कित्येक घरांत खरीच असते. मॅन यांच्या घरींहि ती होती. म्हणूनच शाळेचा एक दिवस बुडविण्यापूर्वीं एवढें आठवावें कीं गरिबाच्या मुलास हा दिवस मिळावा म्हणून कोणी आपली वकिली सोडली, पुस्तकें विकलीं आणि केरसुणीहि हातीं धरली.