गामा पहिलवान : आखाड्याबाहेरचे बळ

आखाड्यात एखादा पोरगा उगाच दंड थोपटू लागला, की स्वतःला गामा पहिलवान समजतोस का, असे जुनी माणसे त्याला हटकून विचारतात. पनवेल-उरणच्या गावजत्रांपासून कोल्हापूरच्या तालमींपर्यंत हे नाव ताकदीचे दुसरे नाव होऊन बसले आहे. आयुष्यात एकही कुस्ती न हरलेला मल्ल म्हणून गामांना सारे ओळखतात. घरातला गामा मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही.

त्यांचे मूळ नाव गुलाम मोहम्मद. जन्म १८७८चा, अमृतसर जिल्ह्यातल्या जब्बोवाल गावातला. घराणे काश्मिरी आणि पिढीजात पहिलवानांचे. वडील अझीझ बक्ष दतिया संस्थानच्या पदरी मल्ल होते. गामा अवघे सहा वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. पाठीवर धाकटा भाऊ इमाम बक्ष. आईच्या माहेरच्यांनी या पोरक्या मुलांना पोटाशी धरले. आधी आजोबा नून पहिलवान आणि त्यांच्यानंतर मामा ईदा पहिलवान यांनी गामांच्या अंगाला आखाड्याची माती लावली. अनाथ मुलाला आपल्या घरचा मुलगा मानून वाढवायचे, हा धडा गामांना कुस्तीच्या डावांबरोबरच मिळाला.

१८८८ मध्ये जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा भरवली. देशभरातून चारशेहून अधिक पहिलवान आले होते. एकेक जण थकून बाजूला होत गेला. शेवटच्या पंधरा जणांत दहा वर्षांचा गामा उरला आणि महाराजांनी त्यालाच विजेता ठरवले. पुढे दतियाच्या महाराजांनी त्यांना आश्रय दिला. रोज हजारो जोर-बैठका आणि जोडीदारांबरोबर तासन्तास लढत, हा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चुकला नाही. बैठका मारताना वापरलेली त्यांची ९५ किलोंची वजनी चकती पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळते.

१९१० मध्ये गामा लंडनला गेले, तेव्हा इमाम बक्षही सोबत होते. गामांची उंची बेताचीच. तिथल्या संयोजकांना ते बुटके वाटले आणि स्पर्धेत प्रवेश मिळेना. तेव्हा अर्ध्या तासात कोणत्याही तीन मल्लांना पाडून दाखवीन, असे आव्हान गामांनी दिले. अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला त्यांनी पाहता पाहता चीत केले. १० सप्टेंबरला पोलंडचा नामांकित मल्ल झ्बिश्को समोर आला. अडीच तासांहून अधिक वेळ तो पालथा पडून गादीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १७ सप्टेंबरला पुन्हा लढत ठरली होती, पण त्या दिवशी झ्बिश्को फिरकलाच नाही. जगज्जेतेपदाचा पट्टा गामांना मिळाला. त्याच दौऱ्यात इमाम बक्ष यांनी स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला लोळवले. वडिलांविना वाढलेल्या दोन भावांनी परक्या मुलखात एकाच वर्षी नाव कमावले.

महाराष्ट्राशी या घराण्याचे नाते जडले ते कोल्हापुरात. रोमचे कलोझियम पाहून आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधून घेतले. १९१२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, ते इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने. मराठी मुलखातल्या सर्वांत मोठ्या आखाड्याचा आरंभ पंजाबातल्या दोन मल्लांनी केला. कोल्हापूरच्या तालमींत ही आठवण आजही जपली जाते.

झ्बिश्कोचा हिशेब १९२८ मध्ये पतियाळाला पुरा झाला. गामा तेव्हा पन्नाशीला आले होते. या खेपेला कुस्ती मिनिटभरही चालली नाही. झ्बिश्को पाठीवर पडला होता.

जगाला पाठीवर पाडणाऱ्या या माणसाचे घर मात्र पुन्हा पुन्हा रिते होत गेले. गामांना पाच मुलगे झाले. त्यांतला एकही म्हातारपणाची काठी झाला नाही. उरलेला शेवटचा, जलालुद्दीन, १९४५ मध्ये ऐन कोवळ्या वयात गेला. ज्या हातांनी एवढे मल्ल उचलले, त्याच हातांनी आपल्या लेकरांना माती देण्याची वेळ आली. अशा वेळी सब्र हा शब्द उच्चारणे सोपे, पेलणे कठीण. गामांनी तो पेलला. भावाची मुले हीच आता घराण्याची पुढची पिढी होती. इमाम बक्ष यांचा मुलगा भोलू आणि त्याचे भाऊ आखाड्यात तयार झाले. भोलू पुढे पाकिस्तानचा अजिंक्य मल्ल ठरला. मुलींच्या बाजूनेही वंश वाढला. नवाझ शरीफ यांच्या पत्नी कुलसूम या गामांच्या मुलीची मुलगी.

जलालुद्दीनला जाऊन दोन वर्षे होतात न होतात तोच फाळणी आली. गामा तेव्हा लाहोरला मोहनी रस्त्यावर राहत होते. शेजारी हिंदू कुटुंबे होती. त्या दिवसांची हकिकत आजही सांगितली जाते. जमाव गल्लीत शिरला, तेव्हा सत्तरीला टेकलेले गामा आपल्या पठ्ठ्यांना घेऊन शेजाऱ्यांच्या दारापुढे उभे राहिले. पुढे आलेल्या म्होरक्याला त्यांची एकच चपराक बसली आणि जमाव मागे फिरला. काही दिवसांनी त्या कुटुंबांना निघावेच लागले, तेव्हा गामा त्यांच्याबरोबर सरहद्दीपर्यंत गेले आणि वाटेच्या शिध्याचा खर्चही त्यांनीच केला, असे सांगतात.

अखेरच्या वर्षांत संस्थाने गेली होती आणि आश्रयदातेही. आजारपणाने शरीर खचले, हात आखडले. ही बातमी कळल्यावर घनश्यामदास बिर्ला यांनी भारतातून मदत पाठवली आणि दरमहा रक्कम सुरू केली. सरहद्द आखली गेली होती, तरी एका पहिलवानाची कदर तिला अडली नाही. २३ मे १९६० रोजी लाहोरमध्ये गामांनी डोळे मिटले.

बलवान कोण, हे समजावताना पैगंबरांनी कुस्तीचाच दाखला दिला होता. दुसऱ्याला आडवे पाडतो तो बलवान नव्हे. संतापाच्या वेळी स्वतःला आवरतो तो बलवान. रमजानचा रोजाही माणसाला हाच सराव देतो. फाळणीच्या दिवसांत संताप स्वस्त झाला होता आणि गामांच्या हातात तो वापरण्याइतके बळ होते. पोटची पोरे गमावलेला हा बाप त्या दिवशी उभा राहिला, तो दुसऱ्यांची पोरे वाचवण्यासाठी. त्यांच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी कुस्ती म्हणावी लागेल, आणि तिला पट्टा नव्हता.