पंडिता रमाबाई व त्यांचे मंद झालेले कान

वऱ्हाडात कापसाचा हंगाम लागला म्हणजे अमरावती व अकोल्याकडील जिनांची घरघर सुरू होते. अशा यंत्रांजवळ वर्षानुवर्षे राबणाऱ्या कित्येकांचे कान हळूहळू मंद होतात, आणि पुढे भोवती सर्व शांत असतानाही कानांत रातकिड्यांसारखा किंवा वाऱ्यासारखा आवाज चालू राहतो. वैद्य ह्यास कर्णनाद म्हणतात. रात्री दिवा मालवला की तो दुप्पट झाल्यासारखा भासतो. आतल्या कानात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा झिजल्या की पुन्हा येत नाहीत, आणि त्यांच्याकडून येणारा ध्वनी कमी झाला म्हणजे मेंदू ती उणीव आपल्याच नादाने भरून काढतो, असे आता मानले जाते. म्हणून कानांत कढत तेल ओतण्यापासून लाभ तर नाहीच, उलट अपाय आहे. कानाच्या डॉक्टरांस मात्र एकदा अवश्य दाखवावे. कारण मळ साचल्याने किंवा पू झाल्याने होणारा नाद उपचाराने थांबू शकतो.

परंतु जो नाद जात नाही, जी बधिरता वाढतच जाते, तिचे काय करावे? अशा दुखणाईतांनी पंडिता रमाबाईंच्या आयुष्याची एक बाजू जाणून घ्यावी. त्यांच्या विद्वत्तेविषयी आपल्या मंडळ्यांत पुष्कळ बोलले जाते. त्यांच्या कानांविषयी फारसे कोणी बोलत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले होते, आणि त्या मातेने, लक्ष्मीबाईंनी, मुलीस शिकविले. हे शिक्षण मुख्यत्वे मुखपाठाचे होते. आई म्हणे, मुलगी ऐके, आणि ऐकलेले कायमचे स्मरणात राही. सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी फिरत पुराणे सांगे. त्या वयातच रमाबाईंस हजारो श्लोक पाठ झाले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप गेले, मागोमाग बहीणही गेली. भाऊ श्रीनिवास ह्यांच्यासह त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली व त्यांस पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. त्या परीक्षेत प्रश्न ऐकायचा व तोंडाने उत्तर द्यायचे, अशी रीत होती. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, की जे काही धन ह्या बाईंपाशी होते ते कानांच्या वाटेने आलेले होते.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेले. पदरी तान्ही मनोरमा. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना ह्या देशातील स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हवेत असे आग्रहाने मांडले. आपणच डॉक्टर व्हावे ह्या निश्चयाने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

आणि ज्या कामासाठी समुद्र ओलांडला ते काम तेथेच खुंटले. कान मंद होत चालले होते. रोग्याच्या छातीला नळी लावून आतला आवाज ऐकल्यावाचून वैद्यकी कशी व्हावी? पंचवीस वर्षांच्या त्या विधवेपुढे वैद्यकीची वाट बंद झाली. हा घाव लहान मानू नये. पती, आईबाप, भाऊ, बहीण गेल्यावर उरलेली एक मोठी आशा ती होती.

त्यांनी कान बरे होण्याची वाट पाहत दिवस घालविले नाहीत. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात गेल्या. तेथे स्वतः शिकल्या व इतरांस संस्कृत शिकविले. १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा ११ मार्चच्या पदवीदान समारंभास रमाबाई मुद्दाम फिलाडेल्फियाला गेल्या. जी पदवी आपल्यास मिळणे शक्य राहिले नव्हते ती दुसऱ्या मराठी बाईच्या हाती पाहण्यास त्या गेल्या, हे मला त्यांच्या पुढच्या सर्व मोठ्या कामांइतकेच मोठे वाटते.

येथे मार्टिन लूथरची आठवण होते. १५२७ पासून त्याच्या कानांत गर्जना होत असे, आणि १५३० साली कोबुर्गच्या किल्ल्यात असताना डोक्यातील त्या घोंघावण्याने कित्येक दिवस त्यास लिहिता-वाचता येईना. त्रास ओसरला की तो पुन्हा मेजाशी बसे. अलीकडचे डॉक्टरही असेच सांगतात, की नादाशी झगडू नये, निजताना जवळ एखादा मंद आवाज असू द्यावा, ऐकू कमी येत असल्यास यंत्र लावावे. भय गेले म्हणजे मन हळूहळू त्या नादाकडे लक्ष देईनासे होते. ह्यास महिने लागतात.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात स्वतः हिंडल्या व उपाशी मुलींस घेऊन आल्या. त्यांतूनच केडगावचे मुक्ती सदन वाढले. उत्तरवयात बधिरता होतीच. त्या वर्षांत त्यांनी जे काम अंगावर घेतले ते डोळ्यांचे व हाताचे होते: इब्री व ग्रीक ह्या मूळ भाषांतून शास्त्राचे मराठी भाषांतर, तेही खेड्यातल्या बाईस कळेल अशा सोप्या शब्दांत. ते केडगावच्याच छापखान्यात छापावयाचे होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. त्यानंतरही आई मुद्रिते तपाशीत राहिली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निजल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला, आणि त्याचे खिळे मुक्तीतील बायामुलींनीच जुळविले होते.