रामानुजन ह्यांची पाटी व वही

गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन ह्यांचा जन्म मद्रास इलाख्यांतील इरोड ह्या गांवीं ता. २२ डिसेंबर १८८७ रोजीं झाला. वडील कुंभकोणम् येथें कापडाच्या दुकानांत कारकून होते; घरची स्थिति गरिबीची होती. १९०३ सालीं कार नांवाच्या इंग्रज गृहस्थानें संकलित केलेला गणिताचा एक ग्रंथ त्यांच्या हातीं पडला. त्यांत हजारों सिद्धांत ओळीनें मांडलेले होते. सिद्धता मात्र अगदीं त्रोटक होत्या. तो ग्रंथच त्यांचा गुरु झाला, आणि उत्तर मांडावें, वाट दाखवूं नये, ही त्याची रीतही त्यांच्या अंगीं भिनली.

ह्या एकाच विषयाच्या नादानें इतर विषय मागें पडले, शिष्यवृत्ति गेली व कॉलेजच्या परीक्षेंत अपयश आलें. कागद महाग, म्हणून सारा हिशेब पाटीवर चाले. फडकें घेण्याइतकाही धीर नसे. लिहिलेलें कोपरानें पुसून ते पुढील ओळ लिहीत. शेवटीं जें उत्तर येई तेवढेंच वहींत उतरे. मधल्या पायऱ्या पुसून जात.

१९१२ सालीं ते मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्यें दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. ता. १६ जानेवारी १९१३ रोजीं त्यांनीं केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी ह्यांस पत्र धाडलें. त्यांत सिद्धांतांचीं पानेंच्या पानें होतीं, सिद्धता नव्हत्या. हार्डींनीं त्यांची योग्यता ओळखली. परंतु मूळ संख्यांविषयींचीं त्यांतील कांहीं विधानें चुकीचीं ठरलीं. तर्काची एकेक पायरी तपासल्यावांचून केवळ प्रतिभेवर विसंबणें थोरांसही भोंवतें.

१९१४ सालीं रामानुजन केंब्रिजला गेले. तेथें हार्डींच्या सहवासांत सिद्धतेची शिस्त त्यांच्या कामास मिळाली. २०० ही संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेच्या रूपानें किती प्रकारें मांडतां येईल? उत्तर आहे ३९,७२,९९,९०,२९,३८८! मॅकमहॉन ह्यांनीं हा आंकडा हातानें गणित करून काढला होता, आणि रामानुजन व हार्डी ह्यांचें सूत्र त्याच्याशीं जुळलें. १९१८ सालीं रामानुजन रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पण प्रकृति ढांसळली. १९१९ च्या मार्च महिन्यांत ते मुंबईच्या बंदरांत उतरून मद्रासकडे गेले आणि ता. २६ एप्रिल १९२० रोजीं, वयाच्या ३३ व्या वर्षीं, परलोकवासी झाले.

मागें राहिल्या त्या वह्या. त्यांत तीन हजारांहून अधिक सिद्धांत होते. वॉटसन व विल्सन ह्या इंग्रज गणितज्ञांनीं त्या संपादण्याचें काम हातीं घेतलें; विल्सन १९३५ सालीं वारले व काम अपुरें राहिलें. १९५७ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें त्या प्रसिद्ध केल्या, त्याही खिळे न जुळवितां, हस्ताक्षराचीं छायाचित्रें घेऊन. पुढें अमेरिकेंतील बर्न्ट ह्यांनीं एकेका सिद्धांताची सिद्धता मिळवून पांच खंड छापले. शेवटचा १९९८ सालीं निघाला. एका तरुणानें पाटीवरून पुसलेल्या पायऱ्या पुन्हा उभ्या करण्यास इतका काळ लागला.

विद्यार्थी मित्रहो, गणिताचा स्वाध्याय हातानें लिहावा कीं संगणकावर टंकित करावा, असा वाद आज घरोघरीं व वर्गावर्गांत ऐकूं येतो. टंकित समीकरण नेटकें दिसतें, वाचणाऱ्यास सुलभ जातें. तें शिकण्यांत कांहींच गैर नाहीं. परंतु विचार चालूं असतां अपूर्णांक, मूळ व घात जेथल्या तेथें मांडण्यास हातासारखें चपळ साधन नाहीं. म्हणून आधीं वहींत लिहावें, चुकल्यास एक रेघ मारून पुढें जावें, आणि मग वाटल्यास टंकित करावें. एक गोष्ट मात्र दोहींकडे सारखीच लागू आहे: नुसतें उत्तर उतरवून वाट पुसूं नये. रामानुजन ह्यांस कागद परवडत नव्हता. आपणांस ती सबब नाहीं.