मातीचा कैवारी ह्यू बेनेट

शेतजमीन खासगी मालकीची असते आणि तिच्यातून निघणारे पीकही मालकाच्याच घरी जाते. मग त्या जमिनीवर ताली घालण्यासाठी, ओघळी बांधण्यासाठी किंवा कुरण राखण्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा का द्यावा? आणि द्यायचाच तर किती, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या देखरेखीखाली? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेला या प्रश्नांची उत्तरे शोधावी लागली. ज्या माणसामुळे हे प्रश्न टाळता येईनासे झाले, त्याचे नाव ह्यू हॅमंड बेनेट. अमेरिकेत मृदसंधारणाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

बेनेट यांचा जन्म १५ एप्रिल १८८१ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ॲन्सन परगण्यात, वेड्सबरो गावाजवळ झाला. घरची शेती मोठी होती. मात्र पिढ्यान्पिढ्या कापूस घेऊन त्या भागातील उताराच्या जमिनी झिजल्या होत्या. पावसाचे पाणी लाल माती घेऊन ओढ्यांना मिळे. वडिलांच्या शेतात ताली आखण्याच्या कामी लहानग्या ह्यूने हातभार लावल्याचे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील शिक्षण पैशांअभावी मध्येच थांबले. दोन वर्षे औषधांच्या दुकानात काम करून त्यांनी ते पुन्हा सुरू केले आणि १९०३ साली पदवी मिळवली. त्याच वर्षी ते केंद्रीय कृषी खात्याच्या मृदा विभागात सर्वेक्षक म्हणून रुजू झाले.

नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांच्या आयुष्याला दिशा देणारी घटना घडली. १९०५ साली व्हर्जिनियातील लुइसा परगण्यात जमिनी नापीक का होत आहेत, हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे आले. तेथे एकमेकांना लागून असलेल्या दोन जमिनी त्यांनी तपासल्या. उतार सारखा, मूळ खडक सारखा. एका बाजूला जंगल होते आणि तेथील माती मऊ, भुसभुशीत व ओलावा धरणारी होती. दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षे नांगरट झालेली होती आणि तेथे उरली होती ती कठीण, चिकट माती. मधल्या काळात वरचा सुपीक थर कोठे गेला, याचे उत्तर त्यांना उमगले. मोठ्या घळी पडल्या की शेतकऱ्याचे लक्ष जाते. परंतु प्रत्येक पावसागणिक जमिनीवरून पातळ साल निघावी तशी माती निघून जाते, ती कोणाच्या ध्यानात येत नाही. या सालकाढी धुपेने अमेरिकेची शेती आतून पोखरली जात आहे, हा निष्कर्ष बेनेट यांनी त्या वेळी काढला आणि आयुष्यभर तो सोडला नाही.

अडचण अशी होती की त्यांच्याच खात्याचे प्रमुख मिल्टन व्हिटनी यांचे मत नेमके उलट होते. माती ही राष्ट्राची कधीही न संपणारी संपत्ती आहे, असे खात्याच्या १९०९ सालच्या प्रकाशनात ठासून मांडले गेले होते. वरिष्ठांचे मत असे असताना कनिष्ठाने धुपेविषयी बोलत राहणे सोपे नव्हते. बेनेट बोलत राहिले. दक्षिणेकडील राज्यांत त्यांनी वर्षानुवर्षे पायपीट केली. पनामा, अलास्का, मध्य अमेरिका आणि क्युबा येथील मातीचाही अभ्यास केला. १९२८ साली डब्ल्यू. आर. चॅपलाइन यांच्यासह त्यांनी लिहिलेली पुस्तिका कृषी खात्याने प्रसिद्ध केली. धूप हे राष्ट्रीय संकट आहे, हा तिच्या शीर्षकाचाच आशय होता. टेक्सासचे प्रतिनिधी जेम्स ब्यूकॅनन यांनी हा विषय उचलून धरला आणि १९२९ साली संसदेने धुपेच्या संशोधनासाठी १ लाख ६० हजार डॉलर मंजूर केले. त्यातून प्रयोग केंद्रे उभी राहिली. कोणत्या उतारावर, कोणत्या पिकाखाली किती माती वाहून जाते, हे तेथे मोजले जाऊ लागले. तोवर मत म्हणून मांडली जाणारी गोष्ट आता आकड्यांत सांगता येऊ लागली.

१९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले, तेव्हा देश मंदीत रुतला होता. बेरोजगारांना काम देण्यासाठी काढलेल्या सार्वजनिक बांधकामांच्या निधीतून धूप नियंत्रणासाठी ५० लाख डॉलर बाजूला काढण्यात आले. हा सारा पैसा ताली घालण्यावर खर्च करावा, असा मूळ विचार होता. बेनेट यांनी त्याला हरकत घेतली. एकच उपाय सगळीकडे लावणे म्हणजे सर्व रोगांवर एकच औषध देण्यासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. समपातळी नांगरट, पट्टापेर, पिकांचा फेरपालट, गवत, झाडे आणि गरज असेल तेथे ताली, यांचा मेळ प्रत्येक शेताच्या प्रकृतीनुसार घालावा, असा त्यांचा आग्रह होता. अखेर हे काम त्यांच्याकडेच सोपवण्यात आले. गृह खात्याच्या अखत्यारीत मृद धूप सेवा स्थापन झाली आणि बेनेट तिचे संचालक झाले.

या सेवेचा पहिला प्रात्यक्षिक प्रकल्प विस्कॉन्सिन राज्यातील कून व्हॅली येथे सुरू झाला. सरकारी खर्चातील वाटा कसा असावा, याचा पहिला धडा तेथे गिरवला गेला. पाणलोट क्षेत्रातील शेतकऱ्यांशी पाच वर्षांचे करार करण्यात आले. सरकारने बियाणे, चुना, रोपे, कुंपणाची तार आणि नागरी संवर्धन दलातील तरुणांचे श्रम पुरवायचे. शेतकऱ्याने उतारावरील नांगरट बदलायची, तीव्र उतारावर गुरे चरायला सोडायची नाहीत आणि ठरलेला आराखडा पाळायचा. परिसरातील चारशेहून अधिक शेतकरी या प्रकल्पात सामील झाले. येथे नुसती रक्कम हातावर ठेवलेली नव्हती. पैसा, श्रम, ज्ञान आणि शेतकऱ्याचा शब्द या चारही गोष्टी एका करारात बांधल्या होत्या. चौकोनी शेतांच्या जागी डोंगराच्या वळणाबरोबर वळणारे पिकांचे पट्टे दिसू लागले, ते याच कराराचे फळ होते.

मात्र सेवा तात्पुरत्या निधीवर चालत होती. तिला कायद्याचे अधिष्ठान मिळवून दिले ते निसर्गाच्या कोपाने. मध्य अमेरिकेतील विस्तीर्ण गवताळ मैदाने गव्हासाठी नांगरली गेली होती. दुष्काळ पडला, पीक करपले आणि उघडी पडलेली माती वाऱ्यावर उडू लागली. १९३४ च्या मे महिन्यात धुळीचे लोट थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचले. त्या सुमारास केलेल्या सरकारी पाहणीच्या अंदाजानुसार सुमारे साडेतीन कोटी एकर लागवडीची जमीन पिकांसाठी निकामी झाली होती. १९३५ च्या वसंतात संसदीय समित्यांपुढे बेनेट यांची साक्ष झाली. मैदानांवरून धुळीचे वादळ निघाल्याची वर्दी त्यांना होती; ते राजधानीवर येईपर्यंत त्यांनी साक्ष मुद्दाम लांबवली आणि खिडकीबाहेर आकाश काळवंडल्यावर सदस्यांना तिकडे पाहण्यास सांगितले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. ती पुढे बरीच रंगवून सांगितली गेली आणि तिच्या नेमक्या तारखेबाबत एकवाक्यता नाही. त्या दिवसांत वॉशिंग्टनवर धूळ आली होती, हे मात्र खरे. २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारण कायद्यावर रूझवेल्ट यांची स्वाक्षरी झाली. कृषी खात्यात कायमस्वरूपी मृदसंधारण सेवा स्थापन झाली आणि बेनेट तिचे पहिले प्रमुख झाले.

या कायद्यातील एक तरतूद दूरगामी ठरली. जमीनमालकाला सरकारने आर्थिक किंवा अन्य मदत द्यावी; परंतु त्या बदल्यात जमिनीच्या वापराबाबत करार आणि पैसा, श्रम किंवा साहित्याच्या रूपाने त्याचा वाटा मागण्याची मुभा सरकारला असावी, असे त्यात म्हटले होते. आपल्याकडे ज्याला लोकवाटा म्हणतात, त्याचेच हे रूप. यामागील तर्क सरळ होता. शेतातून निघालेली माती त्या शेतापुरती राहत नाही. ती खालच्या शेतकऱ्याच्या पिकावर पसरते, नद्या व धरणे गाळाने भरते आणि शहरांचे पाणी गढूळ करते. नुकसान सर्वांचे असेल तर खर्चही सर्वांनी उचलावा. पण लाभ मालकालाही होणार असल्याने त्याने हात झटकू नयेत.

लवकरच या तत्त्वाची कसोटी लागली. १९३६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने शेतमालाचे उत्पादन आवरण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे देण्याची योजना घटनाबाह्य ठरवली. सरकारने तातडीने, २९ फेब्रुवारी १९३६ रोजी, नवा कायदा आणला. आता पैसे द्यायचे ते माती झिजवणारी पिके कमी करून माती सांभाळणारी पिके घेतल्याबद्दल आणि संधारणाची कामे केल्याबद्दल. वर्षाला ५० कोटी डॉलरपर्यंतच्या खर्चाची तरतूद त्यात होती. यातूनच कृषी संधारण कार्यक्रम उभा राहिला. पण तो बेनेट यांच्या सेवेकडे नव्हता. तो शेतमालाच्या भावाची जबाबदारी असलेल्या दुसऱ्या यंत्रणेकडे आणि तिच्या परगणा समित्यांकडे होता. उत्पन्नाला आधार देणे आणि माती वाचवणे ही दोन उद्दिष्टे एकाच थैलीत आली.

येथून कृषी खात्यात जो वाद सुरू झाला, तो बेनेट यांच्या निवृत्तीपर्यंत मिटला नाही. त्यांच्या मते प्रत्येक शेताचा संपूर्ण आराखडा आधी तयार व्हावा आणि पैसा त्या आराखड्यामागून यावा. समित्यांचा कल दरवर्षी अधिकाधिक शेतकऱ्यांपर्यंत थोडीथोडी रक्कम पोहोचवण्याकडे होता. चुना आणि खतांसारख्या, शेतकऱ्याने एरवीही केल्याच असत्या अशा गोष्टींवर अनुदान खर्च होते, अशी टीका होऊ लागली. दुसऱ्या बाजूने बेनेट यांची सेवा तज्ज्ञांची मिरासदारी निर्माण करते आणि लहान शेतकऱ्याला आराखड्याच्या प्रतीक्षेत ताटकळत ठेवते, असा आक्षेप होता. दोन्ही बाजूंत तथ्य होते.

वॉशिंग्टनच्या हुकमाने शेतकरी बदलणार नाही, हे बेनेट जाणून होते. १९३७ साली रूझवेल्ट यांनी सर्व राज्यपालांना एक नमुना कायदा पाठवला. त्यानुसार स्थानिक शेतकऱ्यांनीच चालवायचे मृदसंधारण जिल्हे स्थापन होऊ लागले. त्यांतील पहिला, ब्राउन क्रीक जिल्हा, ४ ऑगस्ट १९३७ रोजी बेनेट यांच्याच ॲन्सन परगण्यात स्थापन झाला. आज अशा जिल्ह्यांची संख्या सुमारे तीन हजार आहे.

या कार्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. दक्षिणेत जमीन एकाची आणि कसणारा दुसरा अशी स्थिती होती. कापसाचे क्षेत्र घटवण्यासाठी दिलेले सरकारी पैसे मुख्यतः मालकांच्या हाती पडले आणि असंख्य वाटेकरी कुटुंबे, त्यांतही कृष्णवर्णीय, जमिनीवरून उठली. ही योजना बेनेट यांची नव्हती. पण मालकाशी करार करणाऱ्या कोणत्याही अनुदानाची ही मर्यादा असते. नैऋत्येकडील नवाहो आदिवासींच्या प्रदेशात तर कराराऐवजी सक्तीच झाली. तेथील कुरणांच्या ऱ्हासाची पाहणी करणाऱ्या १९३३ च्या समितीचे नेतृत्व बेनेट यांच्याकडे होते. जनावरे कमी करण्याची शिफारस पुढे सरकारी यंत्रणेने कठोरपणे राबवली. हजारो शेळ्यामेंढ्या नवाहोंच्या डोळ्यांदेखत मारल्या गेल्या आणि ती जखम पिढ्यान्पिढ्या भळभळत राहिली. विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याला मिळालेला होकार-नकाराचा अधिकार नवाहो मेंढपाळाला मिळाला नाही. कुडझू या आशियाई वेलीची कथाही बोलकी आहे. धूप थांबवण्यासाठी सेवेने तिची सात कोटींहून अधिक रोपे तयार केली आणि लागवडीसाठी एकरी ८ डॉलरपर्यंत अनुदान दिले गेले. ती वेल दक्षिणेत आवरेनाशी झाली आणि १९५३ साली तिला अनुदानपात्र वनस्पतींच्या यादीतून वगळावे लागले.

बेनेट १९५१ साली प्रमुखपदावरून दूर झाले आणि पुढील वर्षी निवृत्त झाले. १९३९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा मृदसंधारणावरील जवळपास हजार पानांचा ग्रंथ दीर्घकाळ या विषयाचा आधारग्रंथ मानला गेला. पन्नाशीच्या दशकात मैदानांवर पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांच्या विचाराला उशिरा का होईना मान्यता मिळाली. ऑगस्ट १९५६ मध्ये विशाल मैदान संधारण कार्यक्रमाचा कायदा झाला. मैदानी प्रदेशातील दहा राज्यांत शेतकरी आणि पशुपालक यांच्याशी दहा वर्षांपर्यंतचे करार करायचे, आधी संपूर्ण शेताचा किंवा कुरणाचा आराखडा करायचा आणि मग त्यातील कामांच्या खर्चाचा ८० टक्क्यांपर्यंत वाटा सरकारने उचलायचा, अशी त्याची रचना होती. अंमलबजावणी मृदसंधारण सेवेकडेच होती. कून व्हॅलीत गिरवलेला धडा अशा रीतीने गवताळ मैदानांवर पोहोचला.

७ जुलै १९६० रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, बेनेट यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यांच्या सेवेचे १९९४ साली नैसर्गिक संसाधन संधारण सेवा असे नामांतर झाले. १९९६ च्या कृषी कायद्याने जुना कृषी संधारण कार्यक्रम आणि मैदानांचा कार्यक्रम एकत्र करून पर्यावरण गुणवत्ता प्रोत्साहन कार्यक्रम आणला. त्यात कामाच्या खर्चाचा साधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंत आणि नवोदित व वंचित शेतकऱ्यांसाठी ९० टक्क्यांपर्यंत वाटा सरकार उचलू शकते. तरीही जुने प्रश्न सुटलेले नाहीत. पैसा सर्वांना थोडा थोडा वाटावा, की जेथे माती सर्वाधिक धोक्यात आहे तेथे ओतावा? करार संपल्यावर शेतकऱ्याने गवत पुन्हा नांगरले तर काय? सरकारी वाटा संपला की माती सांभाळण्याची निष्ठाही संपते का? बेनेट यांनी मातीचा प्रश्न राष्ट्राच्या तिजोरीपर्यंत नेला. पण तिजोरीतून निघालेल्या पैशाइतकेच महत्त्व शेतकऱ्याच्या मनातील पालटाला आहे, हे त्यांनी सुरुवातीपासून ओळखले होते. त्यांच्या कार्याचे मोल शेवटी तेवढ्यावरच ठरते.