डॉ. मेघनाद साहा : वसतिगृहाच्या पंगतीतून ताऱ्यांपर्यंत

राजापेठेत माझ्याकडे संध्याकाळी पक्षकारांबरोबर काही विद्यार्थीही येतात. त्यातल्या बी.एस्सी.च्या एका मुलाने परवा विचारले की, ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांत आपल्यासारख्या घरातून आलेला कोणी आहे काय? मी डॉ. मेघनाद साहांचे नाव घेतले. त्यांचे समीकरण त्याने पुस्तकात वाचले होते, माणूस मात्र त्याला ठाऊक नव्हता. दोष त्याचा नाही. आपल्याकडे शास्त्रज्ञाचे समीकरण शिकवले जाते आणि त्याने सोसलेले अपमान गाळले जातात.

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. वडिलांचे किराण्याचे छोटे दुकान होते. साहा ही जात अस्पृश्य नव्हती, पण बंगालच्या वर्णव्यवस्थेत ती खालचीच मानली जाई. मुलाने दुकानात बसावे अशी वडिलांची इच्छा. जवळच्या गावातील डॉ. अनंतकुमार दास यांनी त्याला घरी ठेवून घेतले, म्हणून शिक्षण पुढे सरकले. पुढे ढाक्याच्या शाळेत, बंगालच्या फाळणीविरुद्धच्या आंदोलनात गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार टाकल्याबद्दल त्याची शिष्यवृत्ती गेली. दुसऱ्या शाळेत जाऊन तो शिकलाच.

१९११ साली साहा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. सत्येंद्रनाथ बोस त्यांचे वर्गमित्र, जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय त्यांचे शिक्षक. वर्गात असे वातावरण, पण वसतिगृहात उच्चवर्णीय मुलांना त्यांच्या पंगतीला बसणे नको होते. सरस्वतीच्या पूजेतही त्यांना दूर ठेवले गेले. विद्येची देवता म्हणून जिची पूजा, तिच्यापासून वर्गातल्या सर्वात हुशार विद्यार्थ्यांपैकी एकालाच दूर ठेवायचे! याला धर्म म्हणायचे की मक्तेदारी, हे वाचकांनीच ठरवावे.

या तरुणाने १९२० साली जगाला काय दिले? ताऱ्याचा प्रकाश काचेच्या लोलकातून नेला की रंगांचा पट्टा दिसतो आणि त्यात मधे मधे काळ्या रेषा असतात. वाटेतील अणूंनी तेवढा प्रकाश शोषलेला असतो. अशा हजारो ताऱ्यांच्या नोंदी अमेरिकेत झाल्या होत्या, पण एका ताऱ्यात एक रेषा ठळक आणि दुसऱ्यात ती गायब, असे का, हे उलगडत नव्हते. तापमान आणि दाब यांनुसार किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील याचे गणित साहांनी मांडले आणि त्या नोंदी वाचता येऊ लागल्या. त्याच गणिताच्या आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ साली ताऱ्यांत हायड्रोजन सर्वाधिक असल्याचे दाखवले. १९२७ साली साहा लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९३४ साली मुंबईतील विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, मिळाले मात्र नाही.

काही शोषणपट्टे ताऱ्यांचे नव्हतेच. मेरी लीया हेगर यांनी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत १९२० च्या सुमारास ते टिपले. ते ताऱ्यांमधल्या विरळ वायू-धुळीतून येतात, हे पॉल मेरिल यांच्या १९३४ नंतरच्या कामातून स्पष्ट झाले. अणूंच्या रेषा बारीक असतात, हे पट्टे रुंद आणि पुसट. मग शोषणारे कोण? १९३७ साली ‘नेचर’मध्ये टिपण लिहून या पोकळीत रेणू असतील काय, हा प्रश्न साहांनीही मांडला. आज असे पाचशेहून अधिक पट्टे माहीत आहेत. साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या विद्युतभारित रेणूचे काही पट्टे २०१५ साली प्रयोगशाळेतील मोजणीशी जुळले. बाकी जवळपास सगळेच अजून अनोळखी आहेत.

साहा प्रयोगशाळेतच बसून राहिले नाहीत. १९४३ च्या दामोदरच्या महापुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीत ते होते. त्याच काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांनी दामोदर योजना पुढे नेली. नदीला शाप न मानता तिचे गणित मांडावे, ही दोघांचीही दृष्टी. १९५२ साली साहा कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले. पंचांगांचा गोंधळ मिटवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या समितीचे राष्ट्रीय सौर पंचांग १९५७ साली लागू झाले. ते पाहायला साहा नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबही गेले.

वसतिगृहाची पंगत मात्र अजून संपलेली नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुलाने जीवन संपवले. त्यालाही ताऱ्यांची ओढ होती, विज्ञानलेखक व्हायचे होते आणि त्याआधी त्याला वसतिगृहाबाहेर काढले होते. साहा टिकले, यावरून व्यवस्था बरी होती असा निष्कर्ष काढता येत नाही. किती साहा वाटेतच गळाले, याची नोंद कोणत्या दप्तरात आहे?

म्हणून त्या मुलाला मी दोन गोष्टी सांगितल्या. भेदभाव झाला तर तोंडी रडगाणे नको. तक्रार लेखी द्यायची, तारीख घालायची आणि पोच घ्यायची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेचे नियम केले, पण कागद हाती नसेल तर नियम मुका राहतो. दुसरी गोष्ट, ते पट्टे अजून ओळखले गेलेले नाहीत. काम शिल्लक आहे आणि ते कुणाच्या पंगतीत बसण्याची परवानगी मागत नाही.